चेहऱ्याचा रंग राखणाऱ्या वंदनाताई

वंदनाताई आमच्या चंद्रपूरच्या छापखान्यात पहिल्यांदा आल्या, त्या दिवशी मी मशीनचे रूळ पुसत बसलो होतो. त्यांनी सगळ्यांना जयभीम घातला आणि आधी कॉम्प्युटरचं टेबलच फिरवायला लावलं. पडद्यावर ऊन नको, पण छापलेला कागद पाहायला दारातला उजेड हवा, असं त्यांचं म्हणणं. मी मनात म्हटलं, बाई कामाला आल्या की घर मांडायला? तेव्हापासून आजच्या त्यांच्या साठीपर्यंत ते टेबल तिथंच आहे, आणि आम्हीही त्याच्याभोवतीच आहोत.

मी शाळेत फार टिकलो नाही. रंग शिकलो ते शाईच्या डब्यात बोटं बुडवून. ताई सॉफ्टवेअरमधले रंग जाणणाऱ्या, पण नवीन काम घेतलं की आधी मला विचारायच्या, "भाऊ, आज मशीनवर पिवळा कसा चढून राह्यला?" मी सांगेन त्याप्रमाणे त्या फाइलमध्ये हात फिरवत. पडद्यावर रंग उजेडातून होतो, कागदावर शाईतून. त्यामुळे पडद्यावरचा लखलखीत निळा कागदावर जांभळट उतरतो. मंगल परिणयाच्या, म्हणजे बौद्ध लग्नाच्या पत्रिकेवरचा निळा असा बिघडलेला घरच्यांना कसा चालेल? ताई नमुना काढून गिऱ्हाइकाला दारात घेऊन जात, त्याच्या हातात देत आणि त्याचं समाधान झाल्यावरच काम माझ्याकडे धाडत. शिकायला आलेल्या पोरींच्या हातातला माऊस त्यांनी कधी ओढून घेतला नाही. चुकू देत, मग शेजारी खुर्ची ओढून बसत.

आमच्या भागात फोटोची एक रीतच पडून गेली आहे. पत्रिका असो की वाढदिवसाचा बॅनर, कोणी सांगायच्या आधीच चेहरा उजळवून टाकायचा. उन्हातान्हात राबणारी माणसं छापून आली की पिठाच्या डब्यातून काढल्यासारखी दिसतात. लग्नाकार्यात ज्याची त्याची हौस म्हणून ताई कोणाशी भांडल्या नाहीत. पण विचारल्याशिवाय त्यांनी कोणाचा चेहरा गोरा केला नाही. हा नुसता त्यांचा स्वभाव, असं मी धरून चाललो होतो. त्याचं मोल कळलं ते मुलचेऱ्याकडच्या रमेशच्या आईमुळे.

रमेश हा धानाची शेती करणारा माणूस. म्हातारीला डोळे दाखवायला चंद्रपूरला घेऊन आला. तो बसस्टँडवर तिच्यासाठी पाणी आणायला गेला, तेवढ्यात ती भलत्याच बसमध्ये चढून गेली. एरवी तिला गावाचं नाव सांगता यायचं, पण अलीकडे तेही विसरायची. पोलिसांत कळवून झालं, नातेवाईक फिरले. म्हातारीच्या भाच्याने मोबाइलवरच हरवल्याची जाहिरात तयार केली, बाहेर कुठंतरी छापून घेतली आणि वरोऱ्यापासून अहेरीपर्यंत चिकटवली. कुठूनच फोन आला नाही. रमेश आणखी कागद छापायला आमच्याकडे आला. ताईंनी आपला डबा त्याच्यापुढे उघडून ठेवला आणि तो कागद पाहिला.

फोटो एका लग्नातला होता. म्हातारी जरीच्या लुगड्यात, आणि भाच्याने मायेपोटी मामीचा चेहरा असा उजळवला होता की गाल गुलाबी आणि सुरकुत्या गायब. ताईंनी रमेशच्या मोबाइलमधले फोटो चाळले. त्यात धानाच्या रोवणीच्या वेळी बांधावर बसलेली आई सापडली. त्यांनी तो घेतला. नुसती काळी शाई वाढवली की चेहऱ्याला काजळी फासल्यासारखी दिसते. म्हणून त्यांनी पिवळा आणि गुलाबी चढवत, निळ्याचा हात जपून लावत तो सावळा रंग आणला. मी नमुना काढला. ताईंनी रमेशला दारात नेलं आणि रंग जुळतो का ते पाहायला कागद त्याच्या गालाशी धरला.

रमेशला ते सोसलं नाही. "बाई, माह्या मायले एवढी काळी काऊन दाखवता? लोक काय म्हणतील?"

ताई म्हणाल्या, "भाऊ, लोकाइले सुंदर नाई दाखवाची. ओळखू आली पायजे. खरं सांगा, तुमची माय अशी आहे का नाई?"

रमेशने मान हलवली आणि तो तिथंच उंबऱ्यावर बसून रडला. मी मशीन सुरू केलं.

कागद वरोऱ्यात लागले आणि त्याच दिवशी फोन आला. कापसाच्या जिनिंगजवळ चहाची टपरी चालवणारी एक बाई बोलत होती. "ही तं आमची मावशी. रोज माह्याच बाकावर बसून राह्यली. मी तिले चहा-पोळी देतो." गंमत म्हणावी की काय म्हणावं, भाच्याचा पहिला कागद त्याच टपरीच्या खांबाला चिकटवलेला होता. म्हातारी त्याच्याखाली बसायची आणि कोणालाच कळत नव्हतं.

घरी नेताना रमेश आईला छापखान्यात घेऊन आला. आम्हा सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता; सगळे नको नको म्हणत असतानाही मालकांनी जिलबी आणवली. ताईंनी म्हातारीचे हात हातात घेतले. तिला कागद दाखवला, तर तिने तो डोळ्याजवळ नेला, दूर धरला, आणि म्हणाली, "हे मी आहो. त्या लग्नातली कोण होती, देव जाणे."

ताईंचे डोळे तेव्हा भरलेले मी पाहिले. वयाने मी मोठा, म्हणून आज आशीर्वाद द्यायचा हक्क घेतो. ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांची नजर शाबूत राहो, आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या माणसांना कागदावर स्वतःचंच तोंड दिसत राहो.