अल्डन फेल्प्सची चौथी खुर्ची

आमच्या वेस्ट पेल्टनमध्ये पाहुणा घरात आला की आधी टोपी काढतो. अल्डन फेल्प्स आधी खुर्ची उलटी करायचा.

बत्तीस वर्षं त्याने गावात टपाल वाटलं. टपालवाल्याला कुणी दिवाणखान्यात नेत नाही, तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात येतो. आणि कनेक्टिकटच्या जुन्या घरांत चांगल्या वस्तू म्हातारपणी स्वयंपाकघरातच येऊन पडतात. विधवा गेलॉर्डबाई एका खुर्चीवर चढून फळीवरून मुरंब्याच्या बरण्या काढत होत्या. अल्डनने त्यांना हात धरून खाली उतरवलं, खुर्ची पालथी घातली आणि गुडघ्यांवर बसला.

"पत्रं आणलीस की जप्ती?" बाईंनी विचारलं.

"बाई, हिच्या पोटात पाच घाव आहेत."

"मला सात मुलं झाली. माझी कुणी चौकशी केली नाही."

त्या जुन्या चेरीच्या खुर्च्यांची बैठक उचलून काढता येते. सुतार सहा खुर्च्या एकदम करायचा, पण हाताचं काम, प्रत्येकीचं माप केसभर वेगळं. म्हणून चौकटीच्या आत पटाशीने घाव घालायचा, एकीला एक, दुसरीला दोन, आणि तेवढेच घाव तिच्या बैठकीलाही. म्हणजे धुळीसाठी बैठका काढल्या तरी प्रत्येक बैठक आपल्या घरी परतावी. पाच घाव आहेत, म्हणजे आणखी चार बहिणी तरी असणारच, हे अल्डनने तिथेच ओळखलं. गेलॉर्डबाईंना त्याने बदल्यात एक भक्कम नवी खुर्ची आणून दिली, वर बरण्या काढायला शिडीही.

तिथून त्याचं आयुष्य या खुर्च्यांच्या मागे लागलं. सुटीच्या दिवशी कचेरीत जुनी मृत्युपत्रं वाचायची, चर्चच्या वह्यांतून लग्नं उतरवून घ्यायची. सतराशे ब्याण्णव साली मेहिटेबल लूमिस नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या बापाने सहा खुर्च्या करवल्या आणि तिने म्हातारपणी सहा मुलांना एकेक दिली, इतकं त्याने शोधून काढलं. पुढे लेकी सासरी गेल्या, आडनावं बदलली. उरलेल्या भिंतकागदाच्या पाठीवर तो त्यांच्या वंशावळी काढायचा आणि त्या गुंडाळ्या छत्रीच्या स्टँडमध्ये ठेवायचा. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "सहाजणींच्या मागे आहे, सवड कुठली!"

पाच मिळाल्या. चौथी नाही. जिच्या वाट्याला ती आली ती लेक ओहायोत गेली होती. अल्डनने ओहायोत इतकी पत्रं घातली की तिथल्या टपालवाल्याने त्याला नाताळचं कार्ड पाठवलं. आणि गंमत अशी की चौथीची बैठक त्याच्याकडेच होती. कधीतरी वसंतातल्या साफसफाईत कुणीतरी घोळ घातला असावा. चार घावांची ती बैठक दोन घावांच्या खुर्चीत बसली होती, जराशी तिरकी. वर बसलं की कुरकुरायची.

"परक्या घरात झोप लागत नाही तिला," अल्डन म्हणायचा.

आता माझा प्रवेश. गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारात उन्हाळ्यात आमचं नाटकघर चालायचं. चाळीस उन्हाळे मी तिथे काढले. अल्डन दर शनिवारी तिसऱ्या रांगेत बसायचा, आणि पडदा पडला की रंगमंचामागे ॲपल पायची फोड आणि चीजचा तुकडा घेऊन यायचा.

"हेट्टी, छान मेलीस. पण फार वेळ घेतलास."

"तिकिटाचे पैसे वसूल नकोत व्हायला?"

एक नाटक आम्ही बारा उन्हाळे केलं, त्यात मी शेवटी मरणारी राणी होते. सिंहासन म्हणजे गावातून मागून आणलेली एक खुर्ची, तिला सोनेरी रंग फासलेला, वर लाल मखमल. ती कुणाच्या घरची हे कुणी लिहून ठेवलं नाही, त्यामुळे ती परतही गेली नाही. पुढे नाटकघर बंद पडलं तेव्हा तिला कुणी घेईना, म्हणून मी घरी आणली.

ज्या रविवारी अल्डन आपल्या पाच खुर्च्या गावच्या वाचनालयाला देणार होता, त्याच्या आदल्या बुधवारी माझ्या मांजराने ती मखमल फाडली. मी बैठक उचलली. बैठकीच्या कडेला दोन घाव होते. खुर्चीच्या चौकटीत चार.

मी तिथेच जमिनीवर बसले. आनंद झाला, पण क्षणभरच. कारण पुढचं आठवलं.

पहिल्या तालमीत मी सिंहासनावर बसले तर पाय अधांतरी लोंबायला लागले. राणीचे पाय लोंबताना दिसले की प्रेक्षक हसणारच. मी सुताराला, बर्टला, म्हटलं, "काप दोन बोटं." त्याने चारही पाय कापले. अल्डन तर नेहमी म्हणायचा, "खुर्चीचे पाय कापणाऱ्याला मी पत्र दिलं नसतं. दारावरून पुढे गेलो असतो."

तो चौऱ्याऐंशीचा झाला होता. रविवारनंतर मेन राज्यात बहिणीकडे कायमचा जाणार होता. वाचनालयात पाच खुर्च्या आणि मधे एक रिकामी जागा, एवढं ठरलेलं होतं. न सांगता राहावं, असं वाटलं. बर्टवर ढकलावं, असंही वाटलं. तो बिचारा कधीच वारला होता, उठून बोलणार थोडाच! दोन दिवस मी दोन्ही भूमिकांची तालीम केली. शुक्रवारी खुर्ची गाडीत घातली.

अल्डनने दार उघडलं. खुर्चीकडे पाहिलं.

"हे तुझं सिंहासन. ओळखतो मी हिला."

"ओळखत नाहीस. बारा उन्हाळे समोर बसून पाहिलीस आणि पत्रं ओहायोला घातलीस."

त्याने ती पालथी केली. चष्मा कपाळावर सरकवून चौकटीतून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार. मग दोन घावांची खुर्ची ओढून घेतली, दोघींच्या बैठका काढल्या आणि त्यांची अदलाबदल केली. दोन्ही बैठका टप् टप् आवाज करून बसल्या. त्याने तळहाताने दाबून पाहिलं. कुरकुर नव्हती.

मग त्याची बोटं पायांच्या टोकांशी गेली.

"अल्डन, ते मी कापवले. माझे पाय पोचत नव्हते."

त्याने मान वर न करता विचारलं, "किती?"

"दोन बोटं."

"माझी की तुझी?"

"बर्टची."

त्याने रुमाल काढून नाक पुसलं. खुर्च्यांबरोबर वाचनालयाला द्यायची वही उघडली, टाक झटकला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेला, "चौथी. गाव सोडून कुठेही गेली नव्हती. पाय दोन बोटं कापलेले, हेट्टी वॉरनरसाठी, तिचे पाय रंगमंचाला टेकावेत म्हणून."

"हे लिहिणार आहेस? वाचनालयात लोक वाचतील."

"मेहिटेबलचं लग्न लिहिलंय. हे का वगळू?"

"पाय जोडून घेऊ. चांगला सुतार आहे माझ्या माहितीत."

"हात लावायचा नाही कुणी." त्याने सहाही खुर्च्या खिडकीखाली ओळीत मांडल्या. चौथी दोन बोटं बुटकी दिसत होती, उंच नातेवाइकांच्या फोटोत उभ्या असलेल्या आत्यासारखी. तिच्या सोनेरी पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "बस."

"आता? वय काय माझं!"

"बस म्हणतो ना."

मी बसले. तो हळूहळू गुडघ्यांवर उतरला, गेलॉर्डबाईंच्या स्वयंपाकघरात उतरला होता तसाच, आणि माझ्या टाचांखाली बोट घालून पाहू लागला. बोट आत गेलं नाही.

"टेकतात," अल्डन म्हणाला. "बर्टने माप बरोबर घेतलं होतं."