अण्णानं विचारलेला प्रश्न, आणि मी न विचारलेला

अण्णा गेल्याचं मला मेहकरच्या मोटारीतून उतरलेल्या एका पक्षकारानं सांगितलं. बुलढाण्याच्या कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली, चप्पल झटकता झटकता. "तुमचे दोस्त गेले नं जी, अण्णा वकील." आणि त्याच दमात, "मंग माही तारीख कवा हाय?" ... डोकं भणाणलं माझं. राग त्या माणसाचा नव्हता, अण्णाचा होता. इतक्या वर्षांचं भांडण अर्धवट टाकून हा गृहस्थ खुशाल निघून गेला!

नागपूरला वकिलीचा अभ्यास करताना आम्ही एका खोलीत राहायचो. दंडविधानाचं पुस्तक दोघांत मिळून एकच. अण्णा दाढी करता करता कलमं म्हणायचा आणि मी चुकलो की साबणाच्या तोंडानं हसायचा. पुढं तो मेहकरला वकिली करू लागला, मी बुलढाण्याला सरकारी वकील झालो. पुस्तक त्याच्याकडं राहिलं. मागितलं की म्हणायचा, "तुले कायले पाह्यजे बे? तू तं सरकारच हायेस!"

मग ते डोणगावचं प्रकरण आलं. सखू नावाची बाई ज्याच्या शेतात कापूस वेचायला जायची, त्या शेतमालकानंच तिच्यावर बळजबरी केली होती. आरोपीच्या बाजूनं अण्णा उभा. बचाव ठरलेला: बाई राजी होती, म्हणून तर तीन दिवस गप्प बसली. त्या तीन दिवसांचं उत्तर माझ्याकडं होतं. ती दुसऱ्याच दिवशी पाटलाकडं गेली होती आणि पाटलानंच तिला थांबवून ठेवलं होतं. कायदाही माझ्या बाजूचा होता. इच्छेविरुद्ध, संमतीशिवाय, किंवा जिवाची, माराची भीती घालून मिळवलेली संमती. यातलं एक जरी शाबीत झालं तरी पुरे. बाईनं झटापट केलीच पाहिजे, असं त्या कलमात कुठंही नाही. पण न्यायाधीश साहेबाच्या डोक्यात होतं ना! ओरडली का, ओरखडे कुठं आहेत, लुगडं फाटलं का... असं वाटे की आरोपी पिंजऱ्यात नाही, तीच आहे.

उलटतपासणीत अण्णानं मऊ आवाजात विचारलं, "बाई, तुमच्या बांगड्या फुटल्या का?"

सखू पदराखाली हात घेऊन उभी होती. म्हणाली, "नाही."

"एकही?"

"नाही जी."

अण्णा खाली बसला. फेरतपासणीला उठायची पाळी माझी होती, आणि मी उठलो नाही. पाटलाच्या साक्षीचे कागद चाळत बसलो होतो. निकालात साहेबानं लिहिलं की एकही बांगडी फुटली नाही, म्हणजे बाईनं विरोध केलेला दिसत नाही. आरोपी सुटला.

बाहेर पायरीवर सखू मला म्हणाली, "माह्या बांगड्या तं नवरा मेला त्याच दिवशी फुटल्या, साहेब. हातात होत्याच कुठं त्या दिवशी फुटायले?"

पोलिसांच्या कागदावर तिच्या नावापुढं 'बेवा' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं, साहेबानंही वाचलं होतं. पण नवरा गेलेल्या बाईचं मनगट कसं असतं, हे आमच्या घरांतून रोज दिसत असूनही कुणालाच सुचलं नाही! मी उलट तिच्यावरच खेकसलो, "मग तिथं सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही इचारलं काऊन नाही?"

त्या संध्याकाळी मी अण्णाला गाठलं. "तुले ठाऊक होतं?" तो नुसता पान जुळवत राहिला. "मी आरोपीचा वकील होतो, बापू. तिचा तू होतास." बस्स, एवढंच. मी अपिलाच्या परवानगीसाठी नागपूरला सरकारकडं लिहिलं. निकालात काही चूक दिसत नाही, असं उत्तर आलं. सखू डोणगाव सोडून बीबीला भावाकडं गेली. असलं प्रकरण अण्णानं नंतर एकही घेतलं नाही, पण का घेत नाही, ते कधी बोलला नाही. मी विचारलं की तो पिकापाण्यावर घसरायचा. शेवटी शेवटी तर मी जाणंच सोडलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या मुलानं ते पुस्तक पाठवलं. सोबत निरोप होता, "बाबा म्हणत होते, हे काकांचं हाय." पिवळं पडलेलं, पुठ्ठा सुटलेला. बळजबरीच्या कलमापाशी ते आपोआपच उघडलं. समासात अण्णाचं बारीक अक्षर: 'डोणगाव. हात रिकामे होते. मला ठाऊक होतं.' आणि खाली, वेगळ्या शाईत: 'बापूनं विचारायला हवं होतं.'

अरे, मेल्यावरही वाद घालतोस! मी तिरमिरीतच दौत ओढली. खाली लिहिलं, 'हो, हवं होतं. आणि तू बोलायला हवं होतंस.' लिहून पुन्हा वाचलं. त्याचं बोलणं माझ्याशी, माझं त्याच्याशी. कोर्टात झालं तेच इथंही. जिचं सगळं गेलं तिचं त्या समासात नावसुद्धा नव्हतं.

थोडी जागा उरली होती. तिथं मी लिहिलं, 'सखू.'