रूपाला सांगितलेला शेवट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. घरात सगळी पुस्तकं उघड्या फळीवर आणि हे एकच कपाटात, साड्यांच्या खाली – का? तो विचारायचा. मी म्हणायचे, फाटलंय म्हणून. आता फाटलंय हे खरं आहे. पण फाटलेलं पुस्तक कुणी असं जपतं का, सांगा बरं?

रूपापासून सुरुवात करावी लागेल. कळंबला आमची आणि रूपाची भिंत एकच. इकडं मी खोकले की तिकडून ती हाक मारायची. वस्तीत केबल आली तेव्हा आम्ही शाळेत होतो. संध्याकाळी एक जपानी कार्टून लागायचं, हिंदी बोलणारं. समुद्रातलं एक बेट, तिथं दोघी बहिणी. थोरली बापाला शोधायला होडी घेऊन जाते आणि धाकटी धक्क्यावर बसून तिची वाट बघते. एवढंच. पण आम्ही वेड्या झालो होतो. मी, रूपा आणि रूपाची थोरली बहीण, संगीताताई. एवढ्या घोड्या झाल्या तरी कार्टून बघतात म्हणून अख्खी वस्ती हसायची.

मग संगीताताई गेली. मंचरच्या बाजारात कांद्याच्या गाडीवर एक ड्रायव्हर होता, त्याच्याबरोबर. रूपाच्या वडिलांनी घरात तिचं नाव घ्यायचं बंद केलं. टीव्हीचंही बटण बंद. रूपा आमच्याकडं येऊन बघायची – आणि ते कार्टूनही काय मेलं, थोरलीची होडी वादळात सापडली की दुसऱ्या दिवशी परत पहिल्या भागापासून सुरू! दर वेळी. पुढचे भाग हिंदीत केलेच नव्हते बहुतेक. थोरली परत येते का नाही, हे काही कळायचं नाही.

अकरावीला आम्ही दोघींनी मंचरला कॉम्प्युटर क्लास लावला. तिथं कळलं की या कार्टूनचं पुस्तकही आहे, सगळं चित्रांचं, इंग्रजीतही मिळतं. झालं, आमचं भांडण जुंपलं. मी म्हणायचे, वाचलंच पाहिजे, मूळ गोष्ट तीच. रूपा म्हणायची, "न्हाई. पुस्तकातली थोरली निराळी, आपली निराळी. पुस्तकात आवाज कुठून यायचा?" कळंब ते मंचर एष्टीत हेच. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "बायांनो, मंचर आलं, आता खाली उतरून भांडा!" काय हसलो होतो आम्ही. त्या वर्षांत या गोष्टीवर बोलायला मला रूपाशिवाय कोण होतं? आणि तिला तरी कोण होतं?

आमच्या वस्तीत रीत होती. जयंतीला प्रत्येक पोराला घरच्यांनी एक पुस्तक घेऊन द्यायचं, आणि मग बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांपुढं उभं राहून त्यात काय आहे ते सांगायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत शिपाई. स्वतः सातवी. पण पोरगी इंग्रजी वाचते म्हणून त्यांची मान ताठ व्हायची. त्या वर्षी पुण्याला कामाला गेले आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून ते पुस्तक शोधून घेऊन आले. दोन्ही पुठ्ठे गेलेले, कडेची पानं फाटलेली. मला आकाश ठेंगणं झालं.

वाचलं. म्हणजे – आपण वाचतो तसं, डावीकडून. जरा गोंधळ वाटला, खरं सांगते. कोण कुणाला काय म्हणतंय, उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. पण मी म्हटलं, आपलंच इंग्रजी कच्चं. जिथं अडलं तिथं मनानं जुळवून घेतलं. सुरुवातीला किनाऱ्याला लागलेली रिकामी होडी, मग वादळ, मग प्रवास, आणि शेवटी दोघी बहिणी घरात. थोरली धाकटीचे केस विंचरतेय.

विहारात मी सगळी गोष्ट सांगितली. शेवटी मी म्हणाले, थोरली येते, घरी येते. टाळ्या झाल्या. अण्णांनी डोळे पुसले. बायकांमध्ये रूपाची आई बसली होती, मी त्यांना मावशी म्हणायचे. मावशींनी पदर तोंडाला लावला तो काढलाच नाही.

त्यानंतर रूपानं वाद सोडला. रोज एकदा तरी विचारायची, "मने, खरंच येती ना?" मी म्हणायचे, अगं छापलंय तसं. त्या उन्हाळ्यात मावशींनी घरात संगीताताईचं नाव घेतलं. भिंतीपलीकडून मी स्वतः ऐकलं. रूपाचे वडील रागावले नाहीत.

इथवर माझी चूक होती. चुकीचं काय, कुणाचीही होते. पुढचं ऐका.

पावसाळ्यात एष्टीत शेजारी एक बाई बसली होती, उर्दू पुस्तक वाचत. आपण जिला मागची बाजू म्हणतो तिकडून तिनं ते उघडलं आणि उजवीकडून वाचायला लागली. मी बघतच राहिले. घरी जाऊन ते पुस्तक काढलं, उलटीकडून उघडलं. जपानी पुस्तकही तसंच, उजवीकडून वाचायचं. सगळं सरळ झालं हो. प्रश्न आधी, उत्तर नंतर. सुरुवातीला दोघी बहिणी घरात, केस विंचरतायत. शेवटी रिकामी होडी.

तेवढ्यात रूपा आली, आमच्याकडं पीठ चाळायची चाळणी मागायला. मी पुस्तक उशीखाली सारलं आणि चाळणी दिली. तेव्हा बोलले असते तर? पण विहार आठवला, टाळ्या आठवल्या, अण्णांचे डोळे आठवले. उद्या सांगू म्हटलं. मग परवा.

आणि एक दिवस क्लासमध्ये हाच विषय निघाला. सर यायचे होते. मंचरची पोरं-पोरी वाद घालत होती – पुस्तक वाचायचं की पुढचे भाग येईपर्यंत थांबायचं. त्यातल्या अमोलनं नेटवर सगळं वाचलेलं. रूपा त्या क्लासमध्ये कधी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "वाचा की! शेवट लई चांगला हाय. थोरली येती घरी."

अमोल हसायलाच लागला. "ती कुठली येतीय? होडी रिकामी येते. उलटं वाचलंस का काय?" मग सगळेच हसले. रूपाचं तोंड लाल झालं. तिनं माझ्याकडं बघितलं. "हिच्याकडं पुस्तक हाय. हिनं वाचलंय. सांग ना गं मने."

सगळे माझ्याकडं वळले. आणि मी – मी म्हणाले, "मी असं कधीच म्हणाले नाही. हिला इंग्रजी येत नाही ना, नुसती चित्रं बघितली असतील."

चित्रं! पुस्तक मी तिच्या हातातसुद्धा दिलं नव्हतं. फाटेल म्हणून.

आणि सगळे हसले तेव्हा मीही हसले. हे सगळ्यात वाईट. कुणी सांगितलं होतं मला हसायला?

रूपा खाली बसली. परतीच्या एष्टीत माझ्याशेजारची जागा मोकळी होती, तरी ती पुढं दांडा धरून कळंबपर्यंत उभी राहिली. नंतर तिनं क्लास सोडला. डोकं दुखतं म्हणून घरी सांगितलं, असं अण्णांकडून कळलं. अमोलनं काय सांगितलं हे तिनं मावशींना सांगितलं का, मला माहीत नाही. पण भिंतीपलीकडून संगीताताईचं नाव पुन्हा ऐकू आलं नाही. मी खोकले तरी हाक येईना. मग ती लग्न होऊन येडगावला गेली.

मी नोकरीला मंचरमध्ये खोली घेऊन राहिले तेव्हा त्या कार्टूनचे पुढचे भाग लागले. मी एकटीनं बघितले. वादळ सरलं, आणि थोरली घरी आली. अहो, आली! टीव्हीवाल्यांनी शेवटच बदललेला. पुस्तकातली निराळी, आपली निराळी – रूपाचंच खरं होतं. मी टीव्ही बंद केला. शेजारी कुणी असायला हवं होतं असं फार वाटलं. येडगाव काय लांब आहे? मी गेले नाही.

काही वर्षांनी मावशी वारल्या. पुण्यानुमोदनाला मी गेले. संगीताताई आलेली नव्हती. जेवणं झाल्यावर रूपा माझ्याजवळ आली, हातातला ताटांचा ढीग खाली ठेवला. रागानं नाही, अगदी साधं विचारलं, "मने, त्या पुस्तकात खरं काय व्हतं गं? आई शेवटपर्यंत इचारायची."

पुस्तकातला शेवट मला माहीत होता. टीव्हीवरचाही माहीत होता. आणि क्लासमध्ये मी काय केलं, तेही.

मी म्हणाले, "विसरले गं."

तिनं मान हलवली, ताटं उचलली आणि नळाकडं गेली. मी विसरले नव्हते. अजूनही नाही.