पाच घोड्यांची पदवी

माझा धाकटा भाऊ सागिन, त्याच्या पोरीने बिश्केकला जाऊन मानसशास्त्र शिकायचं ठरवलं, तेव्हा मी एकच विचारलं होतं, "त्यात खायला काय मिळतं?" घरचे म्हणतात, काकिशला, म्हणजे मला, चांगल्या गोष्टीत मोडता घालायची खोड आहे. असू दे. कुणीतरी विचारायला नको?

पोरीचं नाव उमुताय. लहानपणापासून ऐकून घेणारी. उन्हाळ्यात आम्ही सुसामिरच्या कुरणावर, ओशच्या रस्त्याला लागून तंबू ठोकतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना किमीझ विकतो. घोडीचं ताजं आंबवलेलं दूध म्हटलं की शहरातले लोक गाड्या थांबवतातच. एक वाडगा पिऊन होतो, दुसरा होतो, मग माणूस बोलायला लागतो. आणि बोलायचं कुणाशी? तर या चौदा वर्षांच्या पोरीशी! एकदा एक ढेरपोट्या ट्रकवाला मेलेल्या बायकोची आठवण काढून तिच्यासमोर ढसाढसा रडला. मी तिथेच कुरूतच्या, म्हणजे खारवलेल्या दह्याच्या गोळ्या वळत बसले होते, पण माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारी शहरातली एक बाई बसली होती. ती म्हणाली, "मुली, तू मानसशास्त्र शीक. तुझ्या हातात गुण आहे." बाई गाडीत बसून निघून गेली आणि आमच्या घरात काडी टाकून गेली.

सरकारी जागा उमुतायची थोडक्यात हुकली. म्हणजे फी आली. सागिनकडे होत्या पाच दुभत्या घोड्या, आणि एका वर्षाची फी म्हणजे जवळजवळ एक घोडी. चहा पिताना विषय निघाला.

"शिकवायचंच असेल तर दातांची डॉक्टर कर," मी म्हटलं. "दात दुखला की माणूस मुकाट्याने पैसे काढतो. मन दुखलं तर शेजारणीकडे जाऊन चहा ढोसतो."

"एजे, शहरात त्याचेही पैसे देतात लोक. तासावर," उमुताय म्हणाली. मला लहानथोर सगळे एजेच म्हणतात, थोरली बहीण.

"तासावर? अगं बाई! मग माझे आजवर किती बुडाले गं?"

सगळे हसले. झूरा, म्हणजे सागिनची बायको, ती तर डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसली. सागिन मात्र बोटं मोडत बसला होता. मग म्हणाला, "चार वर्षं, चार घोड्या. एक उरतेच की. तेवढ्यात माझं भागेल."

झालं. दर वर्षी उन्हाळा सरला की तो एकेक घोडी बाजारात न्यायचा. आमच्यात जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. दाव्याबरोबर घरची बरकत जाते म्हणतात. घोडीच्या ओठांवरची लाळ आपल्या कोटाच्या बाहीला पुसून घ्यायची आणि रिकामं दावं हातात घेऊन परत यायचं. सागिन तसाच यायचा. आला की घोड्याच्या खोगिराशी काहीतरी खुटखुट करत बसायचा, जेवायला तीनदा हाक मारावी लागायची. मी म्हणायचे, "अरे, पोरगी शिकतेय, मेली नाही!" तो म्हणायचा, "तसं नाही गं एजे." कसं, ते काही सांगायचा नाही.

पोरगी पास झाली, चांगली पास झाली. आम्ही मेंढी कापली, गाव जेवलं. शहरातल्या एका शाळेत तिला मानसतज्ज्ञ म्हणून नोकरीही लागली. केवढा मोठा शब्द! आणि काम काय, तर कुठले मास्तर आले नाहीत की त्यांच्या वर्गावर बसायचं, समारंभ असला की खुर्च्या मांडायच्या. पगार अर्धाच, जागाच अर्धी होती म्हणे. आता अर्धी जागा कशी असते ते मला विचारू नका. खोलीचं भाडं निघेना, म्हणून संध्याकाळी एका टॅक्सी कंपनीत ती फोन उचलायची. लोक शिव्या घालतात, हिने त्यांना शांत करायचं. "तिथे मात्र शिक्षण उपयोगी पडतं, एजे," ती मला म्हणाली आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

उन्हाळ्यात घरी यायची, तर कुरणावरच्या बाया हजर! कुणाची सून बोलत नाही, कुणाचा नवरा पितो, कुणाला रात्रभर छातीत धडधड. हातात चार तळलेले बोर्सोक नाहीतर मूठभर साखरेच्या गोळ्या घेऊन यायच्या आणि दोन-दोन तास बसायच्या. बरं वाटायचं त्यांना, खोटं कशाला बोलू. पण आपल्या दस्तरखानावर जो भाकरी मोडतो, तो पाहुणा. त्याच्यापुढे हात पसरायचा? मी म्हटलं, "दाराशी डबा ठेव गं एक." झूरा माझ्यावर अशी खेकसली, की तो विषय मी पुन्हा काढला नाही. आणि त्याच बायांना म्हटलं असतं, की गावात हिने पाटी लावलीय, तिथे या, तर एक आली नसती. लोक वेडी म्हणतील ना!

मग एकदा तिने मला फोन केला आणि रडायलाच लागली. नुसत्या पदवीवर शाळेतच बसता येतं म्हणे. लोकांवर खरे उपचार करायचे, तर आणखी दोन वर्षं शिकायचं, त्याची फी वेगळी. "आकेला सांगू नका हं, एजे. काहीही झालं तरी सांगू नका." बापाला ती आके म्हणते. मी नाही सांगितलं. पण झूरा शेजारीच कणीक मळत होती, आणि फोनवर माझा आवाज केवढा असतो हे सगळ्या कुरणाला माहीत आहे.

सागिनने शेवटची तांबडी घोडी विकली आणि पैसे पाठवून दिले. उमुतायने फोनवर आकाशपाताळ एक केलं. "कुणी मागितले होते? आके, सांगा ना, कुणी मागितले होते?"

"म्हातारी झाली होती गं घोडी," तो म्हणाला.

कसली म्हातारी! ऐन भरातली होती.

दोन वर्षं झाली, तेही शिक्षण संपलं. उमुतायने तासाच्या भाड्याने एक खोली घेतली. तीन माणसं आली, त्यातली दोन पुन्हा फिरकली नाहीत, तिसऱ्याने पैसे नंतर देतो म्हटलं. मग खोली सोडली आणि पुन्हा शाळा, पुन्हा टॅक्सीचे फोन. यातलं अक्षर तिने घरी कळू दिलं नाही. मला सांगायची, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं ना. तिचं कोण ऐकणार?

आता गेल्या वसंतातलं सांगते. बर्फ वितळलं आणि सागिनने कुरणावर शिंगरांची दावण ठोकली. दोन मेखा, मध्ये लांब दोर, दोराला फासे, दर वर्षी ठोकायचा तशीच. बांधायला शिंगरू नाही एक! सकाळी उठून दोर ताणायचा आणि तिथेच उकिडवा बसून राहायचा. झूरा म्हणाली, "बसू दे, सवय आहे." मीही म्हटलं, बसू दे.

पण हंगामाचा पहिला किमीझ निघाला की घोड्यावाल्याने शेजाऱ्यांना बोलवायचं, ही आमची रीत. आणि सागिन सगळ्या कुरणाला आवतण देऊन आला! झूरा धावत माझ्याकडे आली, तोंडावर रक्त नाही. "एजे, बुधला कोरडा आहे हो."

माझ्या दोन घोड्या आहेत. मी कॅन भरून मागच्या बाजूने गेले आणि त्यांच्या चामडी बुधल्यात ओतला. शाळेला सुट्टी लागून उमुताय आदल्याच दिवशी आली होती. तिने बुधल्याचं तोंड धरलं. आम्ही तिघी एकमेकींकडे बघतही नव्हतो.

लोक आले, बसले. सागिनने स्वतः घुसळून वाडगे भरले. शेजारच्या बेकेनने विचारलं, "घोड्या दिसत नाहीत रे?"

"वर चरताहेत," सागिन म्हणाला.

कुणी हसलं नाही. सगळे प्याले, छान उतरलाय म्हणाले. सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने हात पसरून दुवा दिली, की तुझी दावण भरलेली राहो. सागिनने दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले.

बाहेर येताच बेकेनने उमुतायला गाठलं. "पोरी, तू हेच शिकलीस ना? काहीतरी कर की."

ती माझ्याजवळ आली. "एजे, हे काय आहे ते मला माहीत आहे. याला नाव आहे. आधी काय विचारायचं, पुढे काय करायचं, सगळं मी शिकलेय."

"मग कर ना गं, बाई!"

"आपल्या घरच्या माणसावर आपण उपचार करायचे नसतात. तेही शिकवलंय आम्हाला. शहरात दुसऱ्यांकडे नेते म्हटलं, तर आके म्हणतात, मला काय झालंय?"

"निदान बोल तरी त्याच्याशी!"

गेली. सागिन दावणीशी बसला होता, ती शेजारी जाऊन बसली. बापाला लेक मनातलं विचारत नाही आमच्याकडे. तो जरा सरकून बसला. मी चुलीसाठी शेणी गोळा करायच्या निमित्ताने जवळच होते.

"आके, झोप लागते?"

"लागते."

"जेवण?"

"जातं."

"मनात काय येतं, आके? इथे बसल्यावर?"

त्याने दोराचा एक फासा ओढून घट्ट केला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "पोरी, एक खरं सांग. घोड्या वाया नाही ना गेल्या?"

माहीत होतं त्याला! वर काही चरत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"नाही, आके," उमुताय म्हणाली. "छान चाललंय माझं. खूप लोक येतात."

"पैसे देतात?"

"देतात. तासावर."

सागिन हसला. हिवाळ्यापासून पहिल्यांदा हसला तो, दात दिसेपर्यंत. आणि तिच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "मग इथे काय बसलीस? तिकडे लोक खोळंबले असतील. जा तू."

ती राहते म्हणाली, सुट्टी आहे म्हणाली. तो ऐकेना. दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवायला तो स्वतः रस्त्यापर्यंत आला. ती गेली. काय करणार?