कोपीजवळची माती

"सही करा मॅडम, ते खोळंबलेत," साहेब म्हणाले.

लातूरच्या एका माती तपासणी लॅबमध्ये मी जिवाणू मोजायचे. समोर जिवाणू-खताच्या कंपनीचा माणूस बसला होता. औशाजवळ सोपानराव नावाच्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यात एका पट्ट्याला खत देऊन, दुसऱ्याला न देता कंपनीने ट्रायल घेतली होती. माझ्या रिपोर्टवर खताच्या बाटल्या तालुकाभर विकायला जाणार होत्या. आणि रिपोर्ट झकास होता. खत दिलेल्या पट्ट्यात जिवाणू कितीतरी पटींनी जास्त.

मला तेच खटकत होतं. माती पाण्यात कालवून आम्ही प्लेटवर पसरतो. जिवाणू वाढले की ठिपके उमटतात, ते मोजायचे. यातले बहुतेक ठिपके ताकातल्या जिवाणूंचे वाटत होते. बाटलीत ते नव्हतेच.

"माती कधी घेतली?" मी कंपनीवाल्याला विचारलं.

"येळवशीला. सोपानरावांनी जेवायला बोलावलं होतं, येताना घेऊन आलो."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे अख्खं गाव रानात जेवतं. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पूजा होते आणि अंबिल, म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ, रानात शिंपडतात.

मी तिथूनच सोपानरावांना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

"काका, खताच्या पट्ट्यातली माती नेमकी कुठली घेतली?"

"कोपीपाशीच की. बिनखताची तेवढी लांबून, पल्याडच्या पट्ट्यातनं. जेवण झाल्यावर तिथंच उकरली. उरलेलं अंबिलबी तिथंच वतलं व्हतं. का वो? चांगलं हाय न्हवं खत? मी तर समद्या भावकीला घ्या म्हणून सांगायलोय."

अंबिलात ताकातले जिवाणू असतातच, शिवाय ओल आणि खाऊ मिळाला की मातीतलेही लॅबला येईपर्यंत एक-दोन दिवसांत फुगतात. खाऊ संपला की ओसरतात. आम्ही खत नाही, अंबिल मोजलं होतं.

"तुम्ही लॅब चालवता की पंचांग बघता?" कंपनीवाला तडकला.

साहेबांनी आवाज खाली आणला. "हे काम गेलं तर तुमच्या कॉन्ट्रॅक्टचं माझ्या हातात नाही."

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. घरी माझ्याच पगारावर चाललं होतं. पण भावकीला सांगणारा तो आवाज कानातून जाईना. मी पेन खाली ठेवलं.

"माती मी पुन्हा नव्याने आणते. तोवर सही नाही."

स्वतः गेले. दोन्ही पट्ट्यांतून, कोपीपासून लांब, ठिकठिकाणची माती घेतली. लॅबमध्ये नव्या प्लेटा लावल्या. दोन्हीकडचे ठिपके जवळपास सारखे निघाले. तसाच रिपोर्ट मी सही करून दिला.

कंपनी दुसऱ्या लॅबकडे गेली. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. आता नांदेडला हेच काम करते. माती घेऊन कुणी आलं की खतपाण्याचं नंतर विचारते. आधी विचारते, "रानात जेवून आलात का?"