स्टिअरिंगमागचे गिअर

१२ मार्च. ऑटोमॅटिक गाडीला पॅडल शिफ्टर बसवून घेतले, म्हणजे स्टिअरिंग न सोडता बोटांनी गिअर बदलता येतात. डावा खांदा आखडलाय, घाटाच्या उतारावर गिअर खाली घ्यायला गिअरचा दांडा ओढवत नाही आणि गावाला गाडी मलाच न्यायचीय.

घाटकोपरचा फिटर देवळात शिरावं तसा चपला काढून गाडीत माझ्या शेजारी बसला. फेरी मारताना माझा हात सवयीने दांड्याकडेच जाई. शेवटी त्याने आपली टोपी दांड्यावर घातली.

"त्याला झोपू द्या ना, ताई!"

"मुलगा म्हणतो, ड्रायव्हर ठेव."

"ठेवा की. मग घाटभर त्याची गाणी ऐका!"

खांद्याचं काय झालं, हे त्याने विचारलं नाही. तिथेच तो मला आवडला.

१३ मार्च. सकाळी मुलाला न उठवता निघाले. घाट उतरल्यावरच त्याला फोन केला.