पाय भारी

कळा देणाऱ्या बाईच्या तळपायाला ते आपला तळहात लावायचे आणि म्हणायचे, “ढकल मला. जोरात ढकल.” बाईने ढकललं की मुद्दाम मागे कलंडायचे. बाई हसायची. तुम्ही तिथे असता तर म्हणाला असता, डॉक्टर मोठा गमत्या आहे. तसं नव्हतं.

ते भूल देणारे डॉक्टर. पुण्याकडून नागपूरला आलेले. मी त्याच दवाखान्यात आया होते, चौथी पास. कळा कमी व्हाव्यात म्हणून पाठीत सुई द्यायची, हे तेव्हा नवीन होतं. ते एकटेच द्यायचे. बाईला कुशीवर निजवून मी तिचे गुडघे पोटाशी धरायची. काचेच्या सिरिंजचा दट्ट्या अडून राहायचा. सुई इवली इवली आत जायची आणि दट्ट्या एकदम सैल पडायचा. “पोचलो,” ते पुटपुटायचे. मग दट्ट्या मागे ओढून रक्त नाही ना, मणक्यातलं पाणी नाही ना, बघायचे. तरी विश्वास नाही. थोडंसंच औषध सोडून पाच मिनिटं घड्याळ धरून बसायचे. सुई केसभर जास्त आत गेली असेल तर तेवढ्यानेच पाय जड होऊन लुळे पडतात. मग पुढचं औषध द्यायचं नाही. दिलं तर श्वास बंद. हे त्यांनीच मला शिकवलं.

एकदा इकडची बोली बोलायची म्हणून त्यांनी बाईला विचारलं, “पाय भारी झाले का?”

ती म्हणाली, “अजी साहेब, भारी झाले म्हणून तं आली ना इथं!”

यांनी घाबरून सुईच काढली. मी हसत सांगितलं, “साहेब, आमच्याकडे पाय भारी म्हणजे दिवस गेले.” ते कानापर्यंत लाल झाले. “बाई, आता तुम्हीच विचारत जा,” म्हणाले. तेव्हापासून मीच विचारायची. मला त्याची ऐट होती.

मग हिंगण्याची ती आली. पहिलटकरीण, बारकी. सुई झाली, थोडं औषध गेलं. मी विचारलं, “पायाले काही वाटून राहिलं का वं?”

“पाय भारी झाले, मावशी.”

मी हसले. पाठीमागून डॉक्टरांनी विचारलं, “काय म्हणते?”

“काही नाही जी. तेच आपलं, पाय भारी.”

तेही हसले. आणि उरलेलं औषध दिलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “मावशी, हात बी उठून नाही राहिले.” मग नुसते ओठ हलले. मग तेही नाही. डॉक्टर तोंडावर मास्क धरून फुगा दाबत राहिले. मुलगी जगली. आई नाही.

नवरा कारखान्यातून तसाच आला होता, डबा हातात. डॉक्टर त्याला म्हणाले, “चूक माझी. मी पाय बघायला हवे होते.” माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी बाजूलाच भांडं घेऊन उभी होते. बोलले असते तर नोकरी गेली असती. म्हणून बोलले नाही. दुसरं कारण नव्हतं.

त्यानंतर ते तळहात लावायला लागले. बाई काय म्हणते, हे मला पुन्हा कधी विचारलं नाही. रागावलेही नाहीत.

काही वर्षांनी कळलं, त्यांना अर्धांगवायू झाला. धरमपेठेत घरी भेटायला गेले. वाचा गेली होती, डोळ्यांत ओळख होती. जे सांगायला गेले ते त्यांच्या बायकोसमोर तोंडातून निघेना. ती चहा ठेवायला आत गेली, तेव्हा म्हटलं, “साहेब, तिने सांगितलं होतं. मीच हसले.”



मी चादर सारून त्यांच्या तळपायाला तळहात लावला. “ढकला, साहेब.”

पाय हलला नाही. चहा येईपर्यंत मी हात तसाच ठेवला होता.